पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत: शाळेतल्या मुलांच्या मनासाठी सण कसे वापरायचे? (नागपूर)

संत्र्याची_फोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात शाळा समुपदेशक आहे, सहावी ते नववीचे वर्ग माझ्याकडे असतात. पावसाळा सुरू झाला की शाळेतून पत्रक येतं: सणांना धरून भावनिक-सामाजिक शिक्षणाचे उपक्रम आखा. नेटवर शोधलं की हाती लागतं ते बहुतेक अमेरिकेतल्या शाळांसाठी केलेलं असतं. थँक्सगिव्हिंगला कागदी टर्की करायची आणि तिच्या एकेका पिसावर 'मी कशासाठी आभारी आहे' ते लिहायचं. डिसेंबरात बर्फाचे माणसं रंगवायचे आणि कोणाच्या चेहऱ्यावर कोणती भावना आहे ते ओळखायचं. तिथल्या मुलांच्या घरात ते सण आहेत, दारात तो बर्फ आहे, म्हणून तिथे हे चालतं. माझ्या वर्गात ते फक्त चित्रकलेचा तास होऊन बसतं.

यामागचा सांगाडा मात्र कामाचा आहे. १९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'कॅसेल' या संस्थेने पाच गोष्टी मांडल्या: स्वतःला ओळखणं, स्वतःला सावरणं, दुसऱ्याचं मन जाणणं, नाती जपणं आणि विचार करून निर्णय घेणं. आपल्या सणांमध्ये या पाचही गोष्टी आधीपासून आहेत असं मला मनापासून वाटतं. मारबतीइतकी उघडपणे मनातली पीडा बाहेर काढणारी मिरवणूक आणखी कुठे असते?

मला रांगोळी स्पर्धा, भेटकार्ड स्पर्धा, वेशभूषा स्पर्धा नको आहेत. स्पर्धा आली की नेहमीचीच चार मुलं पुढे येतात. आणि एक अट आहे: सणाला ज्याच्या घरी आनंद नसतो, ते मूल या उपक्रमात उघडं पडता कामा नये. तुम्ही काय करता, सांगाल का?

महालवाली

ताई, सुरुवात मारबतीपासूनच करा. मी महालात, म्हणजे जुन्या नागपुरात वाढले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, १८८० च्या दशकापासून ही प्रथा आहे. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी आमच्या कानात लहानपणापासून बसलेली. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं त्याचे. म्हणजे आपल्याला काय त्रास होतो ते सगळ्या गावासमोर नाव घेऊन सांगायचं आणि शहराबाहेर नेऊन जाळायचं. नागपूरच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या शाळेत त्या दिवशी सुट्टी असते म्हणून आम्ही नंतरच्या आठवड्यात घेतो. वर्तमानपत्रांची एक मोठी मारबत मुलंच बांधतात. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एक पीडा लिहायची. एकच नियम, आणि तो फळ्यावर ठळक लिहून ठेवायचा: पीडा लिहायची, माणूस नाही. 'गणिताचे सर' असं लिहायचं नाही, 'फळ्यापाशी बोलावलं की पोटात गोळा येतो' असं लिहायचं. हा नियम नसेल तर वर्गातल्या एखाद्या मुलाचाच बडगा होतो, हे लक्षात ठेवा. बडग्यांमध्ये खऱ्या माणसांचे पुतळेही असतात, मुलांनी ते पाहिलेले असतात.

या एका नियमाने वाक्यच बदलतं. 'तो मला चिडवतो' इथून मूल 'मधल्या सुट्टीत मला एकटं वाटतं' इथपर्यंत येतं. ते आल्यावर पुढचं काम तुमचं.

तर्रीपोहे

मी मुलांसोबत काम करणारा मानसशास्त्रज्ञ. महालवाली, तुमचा नियम फार आवडला. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनात्मक उपचारपद्धतीत हेच करतात: त्रास हा माणसापासून वेगळा काढून समोर ठेवायचा. मूल 'मी भित्रा आहे' म्हणत असेल तर त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. 'भीती माझ्याकडे येते' म्हणालं तर ती कधी येते, कधी येत नाही, कोण सोबत असलं की लांब राहते, हे सगळं विचारता येतं.

पण जाळण्याबद्दल सावध करतो. राग ओरडून, फाडून, जाळून निघून जातो हा समज शास्त्रात टिकलेला नाही. ब्रॅड बुशमन यांचा २००२ सालचा प्रयोग यावर आहे. राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत ज्यांनी पिशवीवर ठोसे मारले त्यांचा राग वाढला, आणि काही न करता बसलेल्यांचा त्यांच्यापेक्षा कमी राहिला. म्हणून आरोळीवर थांबू नका. भीती, लाज, एकटेपणा यांसाठी चिठ्ठी चांगली. रागासाठी मात्र चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दुसरा प्रश्न हवा: 'ही पीडा परत आली तर मी पहिलं काय करीन?' मारबत दरवर्षी निघते, कारण इडापिडा दरवर्षी येते. मुलांना हे सांगायला काहीच हरकत नाही.

महालवाली

मागच्या बाजूचा प्रश्न घेतला. आणि आम्ही जाळत नाही, शाळेत आग नकोच. चिठ्ठ्या पाण्याच्या बादलीत टाकतो, पोरं हाताने कालवतात, शाई विरघळते, कोणाचं काय होतं ते कोणालाच वाचता येत नाही. क्राफ्टच्या तासाला त्याच लगद्याचे छोटे बैल करतो.

बर्डीचा_बाप

मी समुपदेशक नाही, पालक आहे, मुलगी सातवीत. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण मला थेट विचारायचं आहे. आमच्या घरात काय चालतं ते शाळेतल्या चिठ्ठीवर का यावं? मागे एका उपक्रमात मुलांना 'घरी कशाचं वाईट वाटतं' हे वर्गात उभं राहून सांगायला लावलं होतं. माझी मुलगी दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. जे मूल बोललं त्याला पुढे आठवडाभर बाकीच्यांनी काय काय म्हटलं ते शिक्षकांच्या कानापर्यंत पोहोचतच नाही.

संत्र्याची_फोड

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण याच भीतीतून मी हा धागा काढला. वर्गात उभं करून दुःख विचारणं म्हणजे भावनिक शिक्षण नव्हे. मुलाच्या मनाची पर्वा असेल तर असं कोणी करू नये.

मी काय करते ते सांगते. पालकसभेत आधी सांगते की असा उपक्रम होणार आहे, काय विचारणार, काय नाही. चिठ्ठी कोरी टाकण्याची मुभा प्रत्येकाला असते. कोरी चिठ्ठीही बादलीत जाते, त्यामुळे कोणी लिहिलं आणि कोणी नाही हे दिसत नाही. चिठ्ठ्या कोणीच वाचत नाही, मीसुद्धा नाही. मात्र ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने कोपरा दुमडून चिठ्ठी वेगळ्या डब्यात टाकायची, नाव घालून. तेवढ्याच मी उघडते.

आणि मुलांना आधीच स्पष्ट सांगते: तुम्ही सांगितलेलं मी कोणाला सांगत नाही, पण कोणी तुम्हाला इजा करत असेल किंवा तुम्ही स्वतःला इजा करण्याचा विचार करत असाल तर मी गप्प बसू शकत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची चाइल्डलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन, हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर कायम असतात.

बर्डीचा_बाप

कोरी चिठ्ठी चालते हे वाचून बरं वाटलं. हे आमच्या शाळेतल्या मॅडमना दाखवतो.

खिरापत

प्राथमिकवाल्यांसाठी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, विसरू नका. लाकडी बैल घेऊन दारोदार जायचं आणि बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागायचा, यात लाजाळू मुलासाठी केवढा सराव आहे! अनोळखी मोठ्या माणसाच्या दारात उभं राहायचं, नमस्कार करायचा, आपण कशासाठी आलो ते सांगायचं, मिळालं तर घ्यायचं, नाही मिळालं तरी तोंड पाडून न घेता पुढच्या दारी जायचं. आम्ही शाळेतच पाच 'दारं' करतो: मुख्याध्यापक, शिपाईकाका, ग्रंथालय, कार्यालय, स्वयंपाकाच्या ताई. एका दारातून मुद्दाम नकार येतो, कोणत्या ते मुलांना माहीत नसतं. नकार मिळाल्यावर वर्गात परत आल्यानंतर होणारी चर्चा सगळ्यात रंगते. बैल मात्र शाळेचेच द्या, एकसारखे. घरून आणायला सांगितलं की मोठा बैल कोणाचा इथेच सगळं अडकतं.

दुसरं, माझ्या नावाला जागून: भुलाबाई या मुलींच्या सणातली खिरापत. झाकलेला डबा हलवायचा, वास घ्यायचा, ओळखायचं. मुलग्यांनाही घ्या, त्यांना हा खेळ घरी मिळत नाही. आमचा नियम असा की 'हो' किंवा 'नाही' असंच उत्तर येईल असे प्रश्न, आणि दुसऱ्याने विचारलेला प्रश्न परत विचारायचा नाही, म्हणजे ऐकणं भागच पडतं. डबा बाईंनी आणायचा. फुटाणे, मुरमुरे, पेरूच्या फोडी. मुलांच्या डब्यांची तुलना होऊ द्यायची नाही.

निळं_पाखरू

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नागपुरात दसऱ्याचा उपक्रम आखताना अर्ध्या शाळा विसरतात की त्याच दिवशी अशोक विजयादशमी, म्हणजे बौद्धांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली, आणि आजही त्या दिवसांत दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं तेव्हा आईवडिलांसोबत येणाऱ्यांना पाणी देत असतात, जेवण वाढत असतात. आपल्या भावनिक शिक्षणात 'दुसऱ्याचं मन जाणणं' म्हणून जे शिकवायचंय ते ही मुलं रस्त्यावर उभं राहून करतात, आणि शाळेत त्याचा उल्लेखही होत नाही. मुलाला आपला दिवस शाळेच्या भिंतीवर दिसला नाही की ते काय समजायचं ते समजतं.

मी आपट्याच्या पानाचा उपक्रम घेते, पण झाड ओरबाडायचं नाही, कागदाचीच पानं कापायची. त्याला नुसतं 'पान' म्हणते, ज्याला 'सोनं' म्हणायचं तो म्हणतो. पानावर वर्गातल्या एकाने केलेली एक नेमकी गोष्ट लिहायची. 'तू चांगली आहेस' चालत नाही. 'मी पडलो तेव्हा तू माझी बाटली उचलून दिलीस' चालतं. कोणी कोणासाठी लिहायचं ते मी नावं काढून ठरवते, नाहीतर काही मुलांना वीस पानं आणि काहींना एकही नाही. नावं आठवडाभर आधी देते. तेवढ्या दिवसांत त्या मुलाकडे नीट बघावं लागतं, खरा उपक्रम तोच आहे.

पांढरं_सोनं

मी वसतिगृह सांभाळतो. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडचे पोट्टे आहेत माझ्याकडे, बहुतेक शेतकऱ्यांचे. तुम्ही सगळे चांगलं लिहून राहिले, पण दिवाळीवर अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या पोट्ट्यांची दिवाळी कापसावर असते. वेचा झाला, भाव मिळाला तर कपडे. पाऊस लांबला, बोंड सडलं तर घरी गेल्यावर बाप गप्प बसलेला दिसतो. काही पोट्ट्यांना बापच नाही, आणि तो कसा गेला ते सगळ्या गावाला माहीत आहे. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नसतो. आणि सुट्टी संपली की शाळा काय देते? निबंध. 'मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली.' मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पोट्टे खोटं लिहितात. फटाके फोडले, मामाच्या गावाला गेलो, नवे कपडे घेतले, सगळं खोटं. आणि ते लिहिताना त्यांचा चेहरा पाहवत नाही.

ताई, तुमच्या हातात असेल तर तो निबंध बंद करा.

संत्र्याची_फोड

दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तो निबंध आमच्या शाळेतही आहे. मराठीच्या बाईंशी मी उद्याच बोलते.

त्याऐवजी मला असं सुचतंय: 'सुट्टीतला एक वास, एक आवाज, एक चव.' तीनच गोष्टी, आठ-दहा ओळींत. त्याला पैसे लागत नाहीत. ओल्या कापसाचा वास लिहिता येईल, रात्री मोटर सुरू झाल्याचा आवाज लिहिता येईल. दुःख लिहायचं असेल तर जागा आहे, लपवायचं असेल तरीही जागा आहे.

तर्रीपोहे

ज्या मुलाच्या घरी त्या वर्षी माणूस गेलं आहे त्याच्याशी सुट्टीच्या आधी एकट्याने बोला, हे कोणत्याही उपक्रमापेक्षा महत्त्वाचं. 'यंदा दिवाळी वेगळी जाईल, ना?' एवढं पुरतं. तो विषय काढला तर मुलाला आठवण होईल असं शिक्षकांना वाटतं. मूल ती विसरलेलंच नसतं. वर्गात दिवे रंगवायला घेतले आणि त्याला नको असेल तर त्याला दुसरं खरं काम द्या, ग्रंथालयात पुस्तकं लावायचं, कार्यालयात मदतीचं. 'बाजूला बस' म्हणू नका.

आणि आवाजाचा त्रास होणारी मुलं. बऱ्याच स्वमग्न मुलांना फटाके आणि डीजे अक्षरशः दुखतात. सण सुरू होण्याआधी त्यांना दिवसांचं चित्र-वेळापत्रक द्या, कधी आवाज असेल, तेव्हा घरातली कोणती खोली, कोण सोबत. पालकांनाही त्याची प्रत द्या.

मोमिनपुऱ्याची_बाजी

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. इथे माझा एक उपक्रम सांगते जो कोणत्याही सणाला चालतो: 'सणात माझं काम काय?' सण कसा साजरा करता असं विचारलं की मुलं कपडे आणि मिठाई सांगतात, आणि ज्याच्याकडे कमी आहे तो गप्प होतो. काम विचारलं की सगळ्यांकडे उत्तर असतं. शेवया भाजणं, सुकामेवा चिरणं, धाकट्या भावाला ईदगाहला नेणं, आजीच्या पायाला मेंदी लावणं. ख्रिश्चन मुलगी चर्चमध्ये खुर्च्या लावते. हिंदू मुलगा जाळी काढतो, पणत्या भिजवतो.

मग मी दुसरा प्रश्न विचारते: हे काम करताना कसं वाटतं, आणि कोणाच्या वाट्याला सगळ्यात जास्त काम येतं? दुसऱ्या प्रश्नाला दरवर्षी वर्गात गडबड होते, कारण मुलींच्या याद्या लांब असतात आणि मुलग्यांच्या छोट्या. मी त्यावर भाषण देत नाही. 'या सणाला एक काम आईच्या यादीतून आपल्या यादीत आणायचं' एवढंच ठरवतो. रमजानात रोजे ठेवणाऱ्या मुलांची चिडचिड होते तेव्हा हाच वर्ग त्यांना सांभाळून घेतो, कारण कोण पहाटे किती वाजता उठतं ते सगळ्यांना कळलेलं असतं.

खिरापत

बाजी, हे मी माझ्या शाळेत नेतेय.

कोजागिरीसाठी एक छोटंसं. अमेरिकेत 'गरम कोकोचा श्वास' शिकवतात, ते आपल्या मसाला दुधाने होतं. दोन्ही हातांत पेला धरल्याची कल्पना करायची, नाकाने केशर-वेलदोड्याचा वास ओढायचा, मग तोंडाने हळूहळू फुंकर घालून दूध निववायचं. फुंकर आत घेतलेल्या श्वासापेक्षा लांब हवी. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून याचा उपयोग होतो. परीक्षेच्या आधीही मुलं आपोआप ओंजळ करून फुंकर मारताना दिसतात.

महालवाली

संक्रांतीबद्दल माझं ठाम मत आहे. तिळगूळ देऊन जबरदस्तीने मिटवामिटवी करायला लावू नका. ज्याने वर्षभर छळलं त्याच्या हातावर छळ सोसलेल्या मुलाने तिळगूळ ठेवायचा, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हा त्या मुलावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. गोड बोलणं आधी त्याच्याकडून आलं पाहिजे ज्याने दुखावलं, आणि तेही एकांतात: काय केलं, त्याने समोरच्याचं काय झालं, भरपाई म्हणून मी काय करीन. समोरच्याला 'आज नाही' म्हणायचा हक्क हवा. तो हक्क असला तरच पुढे कधी दिलेला 'हो' खरा असतो.

तर्रीपोहे

शंभर टक्के सहमत. संक्रांतीला निर्णय घेण्याचा धडा घ्यायचा तर पतंग आहेच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातली आहे, तरी नागपुरात दरवर्षी गळे कापले जातात, पक्षी मरतात. मुलांना बंदी माहीत असते. अडचण वेगळी असते: गच्चीवर सगळ्यांकडे तोच मांजा आणि आपला पतंग पहिल्या पेचात 'ओ काट'. म्हणून उपदेश न करता प्रसंग करून घ्या. एक दुकानदार, दोन मित्र, एक पैसे हातात धरलेला. मित्रांनी खरंखुरं डिवचायचं. तिसऱ्याने काय बोलायचं त्याची वाक्यं मुलांनीच शोधायची आणि मोठ्याने म्हणून बघायची. तोंडात वाक्य तयार असलं तर ऐन वेळी नकार देता येतो.

काटोल_रोड

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे समुपदेशक नाही, एका वर्गात दोन इयत्ता बसतात. हातात काय ते आनंददायी शनिवारचे, म्हणजे दप्तराविना उपक्रमांचे तास. यातलं एकच करायचं तर कोणतं करू?

मोमिनपुऱ्याची_बाजी

सर, 'सणात माझं काम' करा. सामान लागत नाही, दोन्ही इयत्ता एकत्र बसतात, आणि मोठी मुलं लहानांकडून लिहून घेऊ शकतात. दुसऱ्या प्रश्नाला वेळ ठेवा.

पांढरं_सोनं

सर, तुमच्या शाळेत पोळा धुमधडाक्यात असेल ना. ज्याच्या घरचा बैल यंदा विकला गेला त्याला 'तुझा बैल कोणता' विचारू नका. बैल असो नसो, सजवायला कोणीही येऊ शकते असं सांगा.

संत्र्याची_फोड

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं वेळापत्रक असं ठरलंय: पोळ्यानंतरच्या आठवड्यात मारबत, भुलाबाईत खिरापत, दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन यांचं एकत्र 'पान', दिवाळीच्या आधी एकेका मुलाशी गाठीभेटी आणि नंतर 'एक वास, एक आवाज, एक चव', नाताळच्या आठवड्यात 'सणात माझं काम', संक्रांतीला मांजाचा प्रसंग. तिळगुळाचा हात-मिळवणी कार्यक्रम वगळावा असं मुख्याध्यापकांना लेखी देते आहे, महालवालींचा मुद्दा त्यात घालून. मराठीच्या बाई निबंध बदलायला तयार झाल्या आहेत.

महालवाली, एक विचारायचं राहिलं. चिठ्ठीला कोणता कागद घेता? आमच्याकडे रंगीत घोटीव कागदाचे गठ्ठे पडून आहेत.

महालवाली

तो नको, त्याचा लगदा होत नाही आणि रंग हाताला लागतो. जुन्या वह्यांची उरलेली पानं घ्या, चार तुकडे करा, शाईचं पेन द्या. बॉलपेनचं लिहिलेलं पाण्यात जात नाही. बादली आदल्या रात्री न भरता तासाच्या सुरुवातीला मुलांकडूनच भरून घ्या.